इंधनाचं पीक घ्या, पण माळ मोडू नका: शेतकऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक वाढलं, तसा सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यातल्या माळांवर जेसीबी चढू लागला. जिथं आजवर मेंढरं चरली आणि पावसाळ्यानंतर गवत कापलं गेलं, तिथं दगड वेचून, तळ्यातला गाळ ओतून रान तयार होतंय. यामागचं कारण सरळ आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणलं गेलं आणि २०२५ मध्ये ते गाठलंही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि कारखानदारांची नजर मक्याकडे वळली.

दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याने ही संधी सोडावी असं मी म्हणणार नाही. मका, ऊस, गोड ज्वारी, पिकांचे अवशेष, सगळ्यातून पैसा करावा. फक्त त्यासाठी माळाचा बळी देऊ नये. माळ मोडून मिळणारं इंधन फार थोडं असतं आणि जातं ते परत येत नाही. दोन्ही कसं सांभाळायचं, ते कामाच्या क्रमाने मांडतो.

आधी जमीन ठरवा, मग पीक

हंगामाच्या आधी, एप्रिलमध्ये, आपल्या सगळ्या गटांचा कागदावर हाताने नकाशा काढा आणि जमिनीचे तीन भाग करा. पहिला, बारमाही किंवा आठमाही पाण्याची जमीन. दुसरा, जिरायत पण वर्षानुवर्षं नांगराखाली असलेली. तिसरा, कधीच न नांगरलेला माळ. इंधनाचं पीक पहिल्या दोन भागांतच घ्यायचं, तिसऱ्याला नांगर लावायचा नाही.

तिसरा भाग ओळखायला अवघड नाही. सातबाऱ्यावर पीक पाहणीत वर्षानुवर्षं ‘गवत पड’ लागलेलं असतं किंवा क्षेत्र पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य धरलेल्या जमिनीत, असतं. कुदळ मारली की वीतभरावर मुरूम लागतो. दिवाळीच्या सुमारास गेलात तर पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवतं एकमेकांत मिसळून उभी दिसतात. नुसतीच कुसळी आणि तरवड असेल तर माळ चराईने दमलेला आहे एवढाच त्याचा अर्थ. त्याला दोन-तीन पावसाळे विश्रांती मिळाली की बाकीची गवतं परत डोकं वर काढतात. एकदा का नांगर आणि गाळ पडला, की ती गवतं येत नाहीत, येतं ते गाजरगवत. शंका असेल तर गावातल्या म्हाताऱ्या मेंढक्याला विचारा. कोणता तुकडा कधी मोडला, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आता हिशेब मांडू. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. मुरमाड जमिनीत पाणी देऊनही एकरी आठ-दहा क्विंटलच्या पुढे मका जाणं कठीण. म्हणजे एक एकर माळ कायमचा मोडून वर्षाला फार तर एक टन मका, तोही पाऊस आणि बोअर दोन्हींनी साथ दिली तर. त्यातून दगड वेचणी, गाळाची वाहतूक, बी, खत, फवारणी आणि मळणी वजा करा. हाच माळ राखला तर गवत मिळतं, मेंढपाळाकडून लेंडीखत मिळतं आणि खर्च जवळपास शून्य. हा हिशेब वहीत स्वतःच्या आकड्यांनी करा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

इंधनाच्या पिकामुळे हवेतला कार्बन कमी होतो हा मुद्दाही इथे तपासून घ्यायला हवा. गवताळ जमिनीचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत साठलेला असतो, नांगरताच तो सुटू लागतो. ‘सायन्स’ नियतकालिकात २००८ साली आलेल्या एका अभ्यासाने मांडलं होतं, की अमेरिकेच्या (यूएसच्या) मध्य भागातलं गवताळ रान मोडून मक्याचं इथेनॉल केलं, तर मातीतून सुटलेला कार्बन भरून निघायला सुमारे ९३ वर्षं लागतात. त्याच अमेरिकेत, मक्याच्या पट्ट्याच्या पश्चिम भागात, २००६ ते २०११ या काळात सुमारे ५ लाख ३० हजार हेक्टर गवताळ क्षेत्र मका-सोयाबीनखाली गेल्याची नोंद आहे. त्या वाटेवर आपण आत्ता कुठे पाऊल टाकतोय.

आणि आपलाही अनुभव आहेच. २००३ नंतर देशभर मोगली एरंडाची (जट्रोफाची) लाट आली. पडीक जमिनीवर, विनापाण्याचं डिझेल असं तेव्हा सांगितलं गेलं. पाण्याविना झाडं जगली, पण बिया धरल्या नाहीत आणि बहुतेक ठिकाणी लागवडी सोडून द्याव्या लागल्या.

माळावर कोण राहतं

हे माहीत असल्याशिवाय पुढची कामं नीट होणार नाहीत. माळढोक पक्षी आता देशात दीडशेहून कमी उरलेत. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, पण तिथेही आता क्वचित एखादा दिसतो. तणमोराची अवस्थाही तशीच बिकट. तरी माळ रिकामा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात काळवीट, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आणि इंदापूर-बारामतीच्या माळांवर लांडगा, खोकड, तरस आहेत. धाविक, पखुर्डी, चंडोल आणि माळटिटवी तर बहुतेक गावांच्या शिवारात आहेत. ही जनावरं-पाखरं अभयारण्याच्या हद्दीत मावत नाहीत. रेहेकुरीचं क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. बाकी सगळं जगणं आपल्या शेतात, बांधावर आणि गायरानात चालतं.

त्यांच्या वर्षाचं वेळापत्रक ढोबळपणे लक्षात ठेवा. मार्च ते ऑगस्ट जमिनीवर घरटी. पावसाळ्यात लावा, चंडोल, तणमोर यांची वीण. नोव्हेंबर ते मार्च उत्तरेकडून आलेले भोवत्या पक्षी गवतात जमिनीवर रात्र काढतात आणि दिवसभर नाकतोडे वेचतात. डिसेंबर ते फेब्रुवारी लांडग्याची पिल्लं, त्यानंतर खोकडाची.

कोणतं पीक कुठे

मका चांगल्या, खोल जमिनीत घ्या आणि त्याच रानात दरवर्षी घेऊ नका. खरीप मका, रब्बीला हरभरा, पुढच्या वर्षी तूर किंवा सोयाबीन असा फेर ठेवला तर लष्करी अळी आणि खताचा खर्च, दोन्ही आटोक्यात राहतात.

मध्यम जमिनीत आणि कमी पाण्यात गोड ज्वारीचा विचार करा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर कित्येक वर्षं काम केलंय. कणसाचे दाणे घरात, ताटाचा रस इंधनाला, चोथा जनावराला. शिवाय ज्वारीचं रान माळावरच्या पाखरांच्या ओळखीचं आहे. अडचण एकच: रस लवकर आंबतो, म्हणून तोडणीनंतर लगेच गाळप व्हायला हवं. जवळ घेणारा कारखाना नसेल तर लावू नका. आधी लेखी करार, मग पेरा.

नेपिअर गवताबद्दल स्पष्टच सांगतो. सीबीजी म्हणजे दाबित बायोगॅसच्या प्रकल्पांसाठी नेपिअरचे करार होत आहेत. ‘गवतच तर आहे, माळावर लावा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पुरुषभर उंच, एकाच जातीचं, दर दोन-तीन महिन्यांनी कापलं जाणारं आणि भरपूर पाणी पिणारं हे पीक आहे. त्यात चंडोल घरटं करू शकत नाही आणि काळवीट लांबवर पाहू शकत नाही. बागायतीचा एखादा कोपरा, गोठ्याचं सांडपाणी जातं ती जागा, तिथे नेपिअर शोभतं.

करंजाचं तेल जैवडिझेलला चालतं. करंज ओढ्याकाठी, वस्तीजवळ लावा. माळावर करंज, सुबाभूळ, गिरिपुष्प, कुठलंच झाड लावू नका, वृक्षारोपणाचा कार्यक्रम असला तरी. मोकळ्या रानातली पाखरं झाडापासून लांब राहतात, कारण त्याच झाडावर कावळा आणि ससाणा बसून घरट्यांवर नजर ठेवतात.

गवताचा पट्टा सोडा

जिथे तुमचं शेत माळाला किंवा गायरानाला लागतं, त्या एका बाजूला दोन मीटर रुंदीचा पट्टा नांगरटीतून सोडा. चौकोनी एकराची एक बाजू साधारण ६३ मीटर भरते. म्हणजे पट्ट्यात जातो सव्वा गुंठा, एकराचा तीन टक्के भाग. त्या कडेला मका तसाही हलकाच येतो.

पट्ट्यात मृगाआधी मारवेल आणि पवन्याचं बी फोकून द्या. बी विकत घ्यायची गरज नाही. मागच्या दिवाळीत माळावरच्या पिकलेल्या गवताच्या काड्या कापून, वाळवून, पोत्यात ठेवा आणि त्याच पसरा. गाजरगवत फुलायच्या आधी उपटायचं. तणनाशक इथे मारायचं नाही, आणि शेतात मारताना नोझल पट्ट्याच्या उलट बाजूला ठेवायचं. रस्त्याकडेला मात्र पट्टा करू नका. गाड्यांखाली पाखरं मरतात.

शेजारी तयार झाला आणि दोघांचे पट्टे सलग जुळले, तर त्याचा उपयोग दोन सुट्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त होतो. त्यामुळे हे काम भावकीत बसून ठरवा.

नांगरट, पेरणी आणि माळटिटवीचं घरटं

उन्हाळी नांगरट आणि रोटाव्हेटर ही घरट्यांसाठी सगळ्यात धोक्याची कामं. माळटिटवी उघड्या जमिनीवर उथळ खळगा करते आणि भोवती बारीक खडे मांडते. त्यात बहुधा चार अंडी असतात, निमुळती टोकं आत करून ठेवलेली, रंग अगदी मातीचा. दोन पावलांवरून पाहिलं तरी दिसत नाहीत. सुमारे महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. मे महिन्याच्या उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांना गारवा देतात. ट्रॅक्टरवाल्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून ट्रॅक्टर घालण्याच्या आदल्या दिवशी, ऊन खाली झाल्यावर, दोघांनी दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून रानातून चालत जायचं. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली, की घरटं किंवा पिल्लं जवळ आहेत. मागे फिरा, लांब बसा आणि ती परत कुठे उतरते ते पाहा. घरटं सापडलं की त्यापासून तीन-चार पावलांवर चारही बाजूंना मोठे दगड ठेवा. काठी किंवा फडकं लावू नका, कावळ्याला तो खुणेचा खांबच होतो. ट्रॅक्टरवाल्याला जागा दाखवा आणि तेवढं वर्तुळ नांगरायचं सोडा. दुपारच्या उन्हात घरट्यापाशी थांबू नका. पक्षी बाजूला राहिला तर अंडी तापून मरतात. अंडी उचलून दुसरीकडे तर कधीच ठेवू नका.

पेरणीत एक काळजी. मक्याचं बी आता बहुधा कीटकनाशक लावूनच येतं. ते चार-पाच सेंटीमीटर खोल पडलं पाहिजे. वळणावर, पाभर किंवा पेरणीयंत्र भरताना सांडलेलं रंगीत बी झाडून मातीआड करा. तितर आणि पखुर्डी तेच टिपतात.

लष्करी अळी आणि फवारणी

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि मक्यात फवारणीचं प्रमाण एकदम वाढलं. फवारणी टाळता येत नसेल तर निदान उशिरा आणि कमी करा. उगवणीपासून एकरी चार-पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. पहिल्या महिन्यात एकरी दहा पक्षीथांबे उभे करा, कोतवाल आणि साळुंक्या अळ्या वेचतात. हे थांबे रानाच्या मध्यभागी ठेवा, गवताच्या पट्ट्याजवळ नकोत. आठवड्यातून दोनदा पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात, डोकावा. अंडीपुंज चिरडा, सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क मारा. रासायनिक औषध लागलंच तर शिफारशीत असलेलं घ्या, पोंग्यातच सोडा आणि वारा पडलेल्या वेळी मारा.

उंदरांसाठीचं विषारी आमिष मात्र उघड्यावर टाकू नका. विष खाऊन मेलेला उंदीर खोकड किंवा घुबड खातं आणि तेही जातं. बिळं बुजवा, ताजी उकरलेली असतील त्यातच आमिष आत ढकला आणि मेलेले उंदीर पुरा.

काढणी

हार्वेस्टर किंवा मजूर बाहेरून सुरू होऊन मध्याकडे गेले, तर ससे, लावे, पिल्लं सगळी आत कोंडली जातात आणि शेवटच्या चार ओळींत सापडतात. दिशा उलटी करा. माळापासून दूरच्या बाजूने किंवा मधून सुरुवात करून माळाकडे जा, म्हणजे जनावरांना निघून जायला वाट राहते. रात्री काढणी करू नका. खरीप मक्याची ताटं वीतभर वर कापा आणि धसकटं निदान काही एकरांत फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवा. सांडलेले दाणे आणि धसकटांतले किडे यांवर हिवाळ्यात चंडोलांचे थवे जगतात.

उसात वेगळी गोष्ट आहे. रानमांजर, कोल्हा, कधी लांडगा आणि जुन्नर पट्ट्यात बिबट्या, यांची पिल्लं फडात असतात. तोडणीच्या टोळीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, त्या बाजूची तोड थांबवायची, कुत्री बांधायची आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा. आई बहुधा रात्रीत पिल्लं उचलून नेते, तेवढी सवड तिला द्या. गर्दी करून फोटो काढले तर ती येत नाही. पाचट पेटवून तोड करण्याचा तर प्रश्नच येऊ नये. जाळाने जनावरंही जातात आणि जमिनीचं सेंद्रिय कर्बही.

शेततळं आणि कुंपण

इंधनाच्या पिकाबरोबर पाणी येतं आणि पाण्याबरोबर प्लास्टिकचं शेततळं. त्याचे उतार इतके गुळगुळीत असतात की पाणी प्यायला उतरलेलं काळवीट किंवा लांडगा वर येऊ शकत नाही आणि पोहून पोहून बुडतो. माणसांची पोरंही अशीच गेली आहेत. उपाय साधा आहे. तळ्याच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत जुने टायर नायलॉन दोरीने एकमेकांना बांधून साखळी करा आणि वरच्या खुंट्यापासून तळापर्यंत सोडा, म्हणजे पाणी आटलं तरी पाय ठेवायला टायर असतो. दोरी दर उन्हाळ्यात तपासा. भोवती कुंपण घाला आणि बाहेर एक उथळ हौद भरून ठेवा. पाणी बाहेर मिळालं तर कुणी आत उतरणार नाही. विहिरीला कठडा नसेल तर बांधून घ्या.

काळवीट कोवळं पीक खातात, हे नाकारून चालणार नाही. पहिला महिना जुन्या साड्यांचं कुंपण पुष्कळ ठिकाणी काम करतं; पीक गुडघ्याच्या वर गेलं की काढून ठेवा. मासेमारीची जाळी लावू नका, शिंगं अडकतात. कुंपणात घरगुती वीज सोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. नुकसान झालंच तर लगेच वनरक्षकाला कळवा, फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका. लांडग्याने मेंढी मारली तरी तेच: मेलेलं जनावर हलवायचं नाही, भरपाईचा अर्ज करायचा.

जमीन न वाढवता इंधन

माझ्या मते खरी संधी इथे आहे. कापसाची पऱ्हाटी, तुराट्या, भुईमुगाची टरफलं, सोयाबीनचं भुसकट यांच्या ब्रिकेट आणि पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या विटा आणि गोळ्या, होतात. औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पेलेट मिसळणं बंधनकारक झाल्यापासून त्यांना मागणी आहे. पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर गेली तर गुलाबी बोंडअळीचं घरही मोडतं. एक गुंठाही नवीन नांगरावा लागत नाही. मक्याची ताटं आणि उसाचं पाचट मात्र सगळं विकू नका. निम्मं तरी जमिनीवर राहू द्या, नाहीतर खताचा खर्च वाढतो. एकट्याने टेम्पो परवडत नाही, म्हणून शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गटामार्फत एकत्र माल द्या आणि दर ओलाव्याच्या टक्क्यासह लेखी ठरवा.

राखलेल्या माळाची व्यवस्था

माळ राखायचा म्हणजे कुलूप लावायचं नाही. जूनपासून गवत बी धरेपर्यंत चराई बंद. नोव्हेंबरमध्ये बी पडलं की अर्ध्या भागाचं गवत कापा, जमिनीपासून चार बोटं वर. उरलेला अर्धा भाग उभा ठेवा, भोवत्यांच्या मुक्कामाला आणि खोकडाच्या आडोशाला. पुढच्या वर्षी बाजू बदला. जानेवारीच्या आत भोवती जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) काढा. कापून झालेल्या भागात मेंढपाळाला वाडा घालू द्या, पण वाड्याची जागा ओळखीच्या बिळांपासून लांब असावी. कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली कोंबडी माळावर फेकू नका. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, लांडग्यांत रोग पसरवतात. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा-कुत्रा संकर तर जनुकीय तपासणीत सिद्धही झाला आहे.

गायरान असेल तर ग्रामसभेत ठराव करून घ्या: किती क्षेत्र राखीव, गवताचा लिलाव कधी, पैसा कुठे जाणार. एखादी कंपनी माळ भाड्याने मागायला आली, तर करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. कोणतं पीक लावणार, पाणी कुठून आणणार आणि मुदत संपल्यावर जमीन कोणत्या अवस्थेत परत देणार. तिसऱ्याचं उत्तर ‘जशी होती तशी’ असं असेल, तर पवना आणि मारवेल परत उभे करण्याचा खर्च कोण देणार, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.